चौथी बाजू

२ ऑगस्ट

कॉलेजचा दुसरा दिवस. कालचं काही लिहिलं नाही. कालचं फक्त छप्पर आठवतं. वर्कशॉपचं छप्पर पत्र्याचं आहे आणि मधेमधे एखादा पत्रा पारदर्शक आहे. तिथून ऊन सरळ खाली येतं. त्या उन्हात यंत्रं बसलेली होती. रवंथ संपवून स्वस्थ बसलेल्या जनावरांसारखी.

मेकॅनिकलला मी एकटी मुलगी. बाकीच्या कॉम्प्युटरला गेल्या. सपना मॅडम म्हणाल्या, घाबरू नकोस. मी घाबरले नव्हते, पण त्यांना बरं वाटावं म्हणून मान हलवली. मुलींनी इंजिनिअर व्हावं म्हणून कॉलेज मॅडमना गावोगाव पाठवतं. आमच्या पुसेगावच्या शाळेत त्या आल्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं, यंत्र कुणाला आवडतं? मी हात वर केला. लहानपणी शेजारच्या विहिरीवरचं इंजिन मिस्त्रीनं उघडलं होतं. पोत्यावर एकेक भाग ओळीनं मांडला होता. मी दिवसभर लांबून बघत राहिले. जवळ येऊ देत नव्हते. संध्याकाळी त्यानं ती सगळी ओळ परत आत घातली आणि इंजिन चालू झालं. तेव्हापासून कुठलीही बंद वस्तू दिसली की वाटतं, हिच्या आत एक ओळ आहे.

कॉलेजला पाठवायला अण्णा लगेच हो म्हणाले. तातेराव काकांनी दोन अटी घातल्या. पहिली, एकही विषय राहता कामा नये. राहिला तर शिक्षण बंद, मेंढरामागं जायचं. दुसरी अट त्यांनी माझ्याकडे न बघता अण्णांना सांगितली.

"पोरांत एकटी पोरगी हाय. समद्यांला राखी बांधू दे. मंग बसू दे वर्गात."

अट सोपी आहे. मला भाऊ नाही.

१९ ऑगस्ट

काकांची कल्पना सपना मॅडमना फार आवडली. वर्गातलं वातावरण चांगलं राहील, असं त्या म्हणाल्या. त्यांनीच पेढे आणले. मुलं ओळीनं उभी राहिली, रेशनच्या दुकानासमोर राहतात तशी. औंढ्याचा भीमराज सगळ्यांत पुढे होता. राखी बांधून झाल्यावर त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आजपून अक्का, वझं उचलायचं आमी, भांडायचं आमी. तू निस्ता हुकूम कर."

शिवहार ओळीत शेवटी होता. तोही औंढ्याचाच. देवळाजवळ त्याच्या आईचं बेलफुलाचं दुकान आहे. त्याच्या हाताला सायकलच्या साखळीचं ग्रीस लागलं होतं. त्यानं राखी दुसऱ्या तळहातावर घेतली आणि खिशात ठेवली. घरी जाऊन बांधतो म्हणाला. वस्तू जपून वापरणारा मुलगा दिसतो.

वसतिगृहात परत येताना रस्ता वेगळा वाटला. एका दिवसात मला इतके भाऊ झाले की त्यांची नावं अजून पाठ नाहीत.

२७ ऑगस्ट

पहिलं प्रात्यक्षिक. किशनराव सर वर्कशॉपचे निदेशक आहेत, हातकाम शिकवतात. त्यांनी लोखंडाचा एकेक तुकडा वाटला. त्याला जॉब म्हणतात. टेबलावरच्या व्हाइसमध्ये तो आवळायचा आणि कानशीनं घासत घासत त्याचा नेमका चौकोन करायचा. चारी बाजू सपाट, चारी कोपरे काटकोनात. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना नाही. हे वाक्य मला आवडलं. मी ते लिहून घेतलं.

लिहून मान वर केली तर माझा जॉब भीमराजच्या व्हाइसमध्ये होता. "राहू दे ताई, हात काळे व्हतेत," असं तिकडचा कुणीतरी म्हणाला.

सर सगळ्यांना पायांबद्दल काही सांगत होते. मी आकृती काढत होते. आकृती छान आली.

१० सप्टेंबर

आता कामाची वाटणी ठरली आहे. गटातल्या सगळ्यांची जर्नल मी लिहिते, माझा जॉब ते करतात. माझं अक्षर चांगलं आहे. भीमराजचं अक्षर कोंबडी चिखलातून गेल्यासारखं आहे. तो स्वतःच म्हणतो.

मी खिडकीपाशी स्टुलावर बसते. कानशींचा आवाज येत राहतो. खूप कानशी एकदम चालल्या की वाटतं कळप कोरडं गवत खातो आहे. त्या आवाजात लिहायला बरं वाटतं. कधी कधी डोळे मिटतात.

माझा जॉब बहुधा शिवहार करतो. त्याच्या जॉबपेक्षा माझा जास्त चकचकीत असतो. मी त्याला सांगितलं, आधी माझा करतोस म्हणून तुझ्या जॉबला वेळ उरत नाही, आधी तुझा करत जा. बरं म्हणाला. आज पुन्हा आधी माझाच घेतला. त्याला कामाचा क्रम कळत नाही.

बाकी सगळे ताई म्हणतात. तो नावानं हाक मारतो. सवय नसेल.

११ ऑक्टोबर

खंडेनवमी. वर्कशॉपमध्ये यंत्रांची पूजा. काल मुलांनी जमीन धुतली. मी रांगोळी काढली. पूजा कुणी करायची यावर चर्चा झाली नाही. किशनराव सर म्हणाले, "घरची लक्ष्मी हाय, तिच्याच हातानं व्हऊ द्या."

लेथ, ड्रिलिंग मशीन, कटर. प्रत्येकाला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. नारळ भीमराजनं फोडला. मी ओंजळीत पाणी धरून उभी होते. झेंडूचा आणि तेलाचा वास एकत्र आला, तो कशासारखा होता ते मला अजून सांगता येत नाही.

मग फोटो. सपना मॅडमनी मला पिवळं हेल्मेट घालायला दिलं आणि लेथच्या चाकावर हात ठेवायला सांगितलं. हात असा ठेव जणू चालवते आहेस.

आज वीज बंद असते. यंत्रांना विश्रांती. म्हणजे सगळ्या यंत्रांना मी पहिल्यांदा हात लावला तो ती झोपलेली असताना. गार होती.

२ डिसेंबर

बसस्टँडसमोर कॉलेजचा फलक लागला आहे. "मुलींनो, यंत्रांच्या जगात या." त्यावर मी. चेहरा खाटेएवढा.

माय बाजारासाठी आली होती. मी तिला दाखवायला नेलं. ती पदर डोक्यावर घेऊन बराच वेळ बघत राहिली. आमची बस निघून गेली. मग तिनं विचारलं, त्या यंत्रावर हात काहून ठेवलाय? मी म्हणाले, फोटोसाठी. तिनं मान हलवली. पुढची बस येईपर्यंत आम्ही फुटाणे खाल्ले.

३ जानेवारी

बालिका दिन. सपना मॅडमनी मला पुसेगावच्या शाळेत भाषणाला नेलं. माझीच शाळा. ज्या सतरंजीवर बसायचे त्या सतरंजीवर मुली बसलेल्या आणि मी खुर्चीवर. मी न अडखळता बोलले. मुली काहीही करू शकतात हे सांगितलं. मग वर्कशॉपमध्ये आतापर्यंत काय काय झालं ते सांगितलं. लोखंडाचा चौकोन, दोन तुकड्यांचा जोड, पत्र्याचा डबा, लाकडाचा सांधा.

मॅडम म्हणाल्या, काही विचारायचं आहे का. आठवीतली एक मुलगी उठली. तिचं नाव पूजा. एक वेणी सुटलेली.

"ताई, ह्याच्यातलं तुमी सोता काय बनिवलं?"

मी म्हणाले, हे सगळं आमच्या गटानं केलं.

"ते व्हय. पन तुमी?"

बाकीच्या मुली हसल्या. तिला खाली ओढू लागल्या. ती बसली, पण माझ्याकडे बघतच राहिली. रागानं नाही. उत्तर यायचं आहे म्हणून. मॅडमनी फोटो घ्यायला सगळ्यांना बाहेर बोलावलं.

परत येताना जीपमध्ये मॅडम म्हणाल्या, छान बोललीस. बाहेर तुरीची रानं होती. ती संपेचनात.

४ जानेवारी

पहाटे स्वप्न पडलं. कुणीतरी एक मोठं यंत्र उघडलं आहे आणि त्याच्या आतलं सगळं पोत्यावर ओळीनं मांडलं आहे. ते भाग म्हणजे हात होते. शिवहारचे, भीमराजचे, सगळे ओळखीचे. मी माझे शोधत ओळीच्या टोकापर्यंत गेले. मग लक्षात आलं की मी ते पाठीमागे बांधून चालते आहे.

७ जानेवारी

आज सांगितलं. माझा जॉब मी करणार.

मला वाटलं होतं ते हो म्हणतील. आधी ते हसले. मग भीमराजचा चेहरा उतरला. "काहून अक्का? आमचं काही चुकलं का? कुनी काही बोललं का तुला?" मी म्हणाले, कुणी काही बोललं नाही. मग त्याला ते आणखीच लागलं. तिकडून कुणीतरी म्हणालं की आता जर्नलही आपापली लिहा म्हणावं. मी म्हणाले, हो, तेही.

शिवहारच्या हातात माझा तुकडा होता. तो फडक्यानं पुसून त्यानं माझ्यासमोर ठेवला.

"मंग मी काय करू?"

"तुझा कर," मी म्हणाले.

एवढं साधं उत्तर होतं. तरी तो बराच वेळ उभा होता.

१६ जानेवारी

कानस माझ्या हातात वेगळा आवाज करते. किंचाळते. तुकडा सपाट होत नाही, मधे फुगतो, दोन्ही टोकांना उतरतो. गाढवाची पाठ, असं भीमराज म्हणाला. मग जीभ चावली.

तळहाताला फोड आले. किशनराव सरांनी बघितले आणि त्यांना वाईट वाटलं. सोडून दे बेटा, पोरं आहेत ना. मी विचारलं, सर, माझं चुकतं कुठं? त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. डावा पाय पुढे हवा, जोर खांद्यातून यायला हवा, हातातून नाही.

"हे पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं मी," सर म्हणाले. "तवा तू लिहून राहिली व्हतीस."

६ फेब्रुवारी

आज पहिली बाजू झाली.

तपासायचं असं. गुण्या म्हणून एक काटकोनी पट्टी असते. ती तुकड्याला लावून दोन्ही उजेडासमोर धरायचं. पट्टीखालून उजेड दिसला तर तिथं खड्डा आहे. इतके दिवस मी धरायचे तर उजेड दिसायचा. कधी केसाएवढा, कधी मेंढीच्या डोळ्यातल्या फटीएवढा. आज काही दिसलं नाही. मी पारदर्शक पत्र्याखाली जाऊन पुन्हा धरलं. सगळीकडे ऊन होतं आणि तेवढ्या एका रेषेत अंधार होता. मी किती वेळ तशी उभी होते माहीत नाही. भीमराजनं पाणी आणून दिलं. तो जर्नल लिहीत होता. बोटाला शाई लागली होती. म्हणाला, "ह्ये लिहिनं लई तकलीफचं काम हाय, अक्का. तू कसं करायचीस?"

त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

११ मार्च

दुसरी झाली, तिसरी होत आली. पण तिसरी करताना पहिलीचा कोपरा बिघडतो. एकेक बाजू करून भागत नाही. प्रत्येक बाजूला आधीच्या सगळ्या बाजू आठवाव्या लागतात.

१६ मार्च

रविवार. अण्णांकडे गेले. कळप सध्या कुरुंद्याच्या शिवारात आहे. हळद काढून झालेल्या रानात मेंढरं बसवतात, त्यांच्या लेंडीनं जमीन सुधारते. सगळीकडे हळद शिजत होती. वाफ रानावर अंगणाएवढी पसरून उभी होती. वाफेतून बायका यायच्या, वाफेत जायच्या. त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे. मला वाटलं, आपण कुणाच्या तरी लग्नात आलो आहोत आणि ते लग्न कित्येक वर्षं चाललं आहे.

मी अण्णांना सांगितलं की परीक्षा जवळ आली आहे आणि हाताच्या कामाची भीती वाटते. बाकी सगळं लिहायचं आहे, ते येतं. काकांच्या अटीचं मी काही बोलले नाही. त्यांनीही काढलं नाही. ते माझ्या तळहातांकडे बघत होते. फोडांचे आता घट्टे झाले आहेत. मग त्यांनी कालच जन्मलेलं कोकरू उचलून माझ्या हातात दिलं आणि पाणी पाजायला गेले. कोकरू माझा घट्टा चाटत होतं.

२ एप्रिल

किशनराव सरांनी परीक्षेचं सांगितलं. कॉलेजबाहेरचे परीक्षक येतील. नवा तुकडा मिळेल. दुपारपर्यंत चौकोन करायचा. माझी तयारी सरांना माहीत आहे. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "काळजी करू नको. पोरं बघतील."

म्हणजे सरांनाही तसंच वाटतं. सगळ्यांना माझं भलं व्हावं असं वाटतं. मी कुणावर रागवू?

मी अजून एकदाही चारी बाजू वेळेत पूर्ण केलेल्या नाहीत.

२२ एप्रिल

परीक्षा झाली. सगळं क्रमानं लिहिते.

तुकडा मिळाला. पहिली बाजू चांगली झाली. दुसरीला कानस सरकली, पण सावरलं. तिसरी झाली तेव्हा ऊन माझ्या टेबलावरून खाली उतरलं होतं. वेळ थोडा उरला होता आणि चौथी बाजू हात न लावलेली, करवतीनं कापली तशीच.

परीक्षक चहाला गेले. किशनराव सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. शिवहारचा जॉब कधीच झाला होता. तो माझ्याजवळ आला.

"दे. दोन हात मारतो. कुनाला कळनार न्हाई."

त्यानं हात पुढे केला होता. त्याच्या हातात माझी चौथी बाजू होती, तयार, मला ती दिसत होती. आणि तिच्यामागे दुसरं वर्ष दिसत होतं. मी तुकडा व्हाइसमधून सोडवलासुद्धा.

मग परत आवळला. म्हणाले, "नको."

"एक विषय राहिला तर घरी बसवतील तुला," तो म्हणाला. "मंग?"

मी घासायला लागले. तो थोडा वेळ थांबला आणि आपल्या जागेवर गेला. मी त्याच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर डावा पाय हलला असता.

परीक्षक आले. वयस्कर होते, आवाज मऊ. माझी जर्नल चाळली आणि थांबून थांबून वाचली. अक्षराचं कौतुक केलं. आकृत्या इतर मुलांना दाखवल्या. मग विचारलं, मेकॅनिकलला एकटीच का? हो म्हटलं. गाव? पुसेगाव. वडील काय करतात? मेंढरं आहेत. त्यांनी माझा तुकडा उचलला, हातात एकदा फिरवला, बाजूला ठेवला आणि पेन काढलं.

"शाब्बास. इथपर्यंत आलीस हेच पुष्कळ. जा, पास आहेस."

गुण्या टेबलावरच होता. त्याला त्यांनी हात लावला नव्हता. माझ्याआधी प्रत्येकाच्या जॉबला लावला होता.

मी गेले नाही. त्यांनी मान वर केली.

"सर, मोजा."

किशनराव सर मागून काहीतरी म्हणाले. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं नाही.

"मोजलं की लिहावं लागतं, बेटा."

"व्हय, सर."

त्यांनी गुण्या उचलला. तुकडा उजेडाकडे धरला. पहिली बाजू. दुसरी. तिसरीला ते थोडं थांबले, मान हलवली. मग चौथी. चौथीखालून उजेड आला. केसाएवढा नाही. चांगला बोटभर लांब, पिवळा. तो त्यांच्या चष्म्यावर पडला.

"ही पण तूच केली?"

"व्हय."

त्यांनी मग पट्टी घेतली, मापं घेतली, हळूहळू, एकही न सोडता. सगळ्यांच्या जॉबची घेतली तितकीच. लिहिलं. मला म्हणाले, तिसरी बाजू चांगली आहे, कोपऱ्याला जोर कमी दे. आणि पुढच्या परीक्षेला पुन्हा बसावं लागेल.

मी तुकडा पुसून ठेवला. बाहेर मुलं उभी होती. शिवहार फाटकापर्यंत माझ्याबरोबर आला आणि तिथून परत गेला. काहीतरी विसरला असेल.

संध्याकाळी अण्णांना फोन लावला. ते अजून कुरुंद्याकडेच आहेत. मेंढरं परतत होती, त्यांचा आवाज येत होता. मी म्हणाले, अण्णा, एक विषय राहिला.

वारा ऐकू येत होता. फोन कट झाला असं मला वाटलं.

"कोनता?"

"हातानं करायचा."

"पुन्यांदा करू देतेत का?"

"देतेत. दिवाळीच्या पुढंमागं. सर सुट्टीत वर्कशॉप उघडून देतो म्हनले."

पुन्हा वारा. मग लांबून तातेराव काकांचा आवाज आला, कोण आहे म्हणून. अण्णांनी फोन तोंडापासून दूर धरला असावा, पण मला सगळं ऐकू आलं.

"सुकन्या हाय. औंदा मेंढरामागं न्हाई येत ती. तिला काम हाय."